वायपर गोठू नये म्हणून

आमच्या विष्णुपुरीत थंडी पडते ती दोन गोधड्या घ्याव्या लागतील इतकीच. डिसेंबरात गोदावरीच्या जलाशयावरून पहाटे धुके उठते, रस्त्याकडेला उभ्या जीप-टेम्पोच्या काचा दवाने ओल्या होतात आणि ड्रायव्हर फडक्याने पुसून मोकळे होतात. काचेवर बर्फ धरतो आणि वायपर काचेला चिकटून बसतो, असे इथे कुणाला सांगितले तर तो हसेल. पण आपल्या वस्त्यांतली पोरे सैन्यात जातात, सीमा सडक संघटनेत जातात, ट्रक-टँकरवर लेह-कारगिलकडे जातात. त्यांच्यासाठी ही हसण्याची गोष्ट नाही. त्यांच्या घरच्यांनीही ती समजून घ्यावी म्हणून हे लिहितो आहे.

मी सैन्यात ड्रायव्हर होतो. १९९० नंतरची काही वर्षे लडाखच्या रस्त्यांवर गेली. हाताखाली जबलपूरच्या कारखान्यात बनलेली शक्तिमान गाडी होती. लेहमध्ये जानेवारीच्या रात्री पारा उणे १० ते १५ अंशांवर उतरणे नेहमीचेच. जोझिला घाट ११ हजार फुटांच्याही वर, आणि तिथे बर्फ ऑक्टोबरातच पडू लागतो. संध्याकाळी काचेवर पडलेला ओलसर बर्फ इंजिनाच्या उबेने वितळतो, ते पाणी वायपरच्या रबराखाली साचते आणि रात्री दगड होते. सकाळी रबर काचेला असे धरून बसते की जणू डिंकाने चिकटवले आहे.

अशा वेळी बटण दाबले की काय होते? मोटार जोर लावते, पण पाते हलत नाही. नशीब चांगले असेल तर फ्यूज उडतो. नाही तर आतल्या चक्राचे दाते झिजतात, मोटार जळते, किंवा रबर फाटून निम्मे काचेलाच राहते. आमच्या तांड्यात लातूरकडचा एक तरुण ड्रायव्हर होता. एका सकाळी त्याच्या गाडीची मोटार अशीच जळाली. घाटात बर्फ सुरू झाला. मागे-पुढे गाड्या, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खोल दरी, थांबायला जागा नाही. पोराने खिडकीतून डोके बाहेर काढून गाडी उतरवली. खाली आला तेव्हा त्याचा उजवा कान पांढरा पडला होता. कान वाचला, गाडीही वाचली. पण त्या दिवशी आम्हा सगळ्यांना कळले की रुपया-दोन रुपयांच्या फडक्याची काळजी माणसाचा जीव राखते.

योगायोग असा की वायपरचा जन्मच अशा प्रसंगातून झाला. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील मेरी अँडरसन नावाची बाई हिवाळ्यात न्यूयॉर्कला गेली होती. बर्फामुळे ट्रामच्या ड्रायव्हरला काही दिसेना, म्हणून तो खिडकी उघडून कुडकुडत गाडी हाकत होता. बाकीचे प्रवासी नुसते बघत बसले, हिने उपाय शोधला. आतून दांडी ओढली की बाहेर रबराची पट्टी काच पुसेल, अशी रचना करून तिने १९०३ साली पेटंट घेतले. १९०५ मध्ये कॅनडातल्या एका कंपनीने या वस्तूला बाजारात किंमत नाही म्हणून ती नाकारली. पेटंटची मुदत संपली आणि त्यानंतर गाडीगाडीला वायपर लागले. बाईच्या हाती कमाई काही आली नाही.

परवा शेजारच्या ताईंनी विचारले, "भाऊ, पोरगं लेहला चाललंय गाडीवर. काय सांगून धाडू त्याला?" मी त्यांना सांगितले तेच इथे देतो.

गाडी उभी करताना आधी वायपरचे बटण बंद करावे, पाती खाली जागेवर बसू द्यावीत, मगच इंजिन बंद करावे. नाही तर सकाळी चावी फिरवताच गोठलेली पाती ओढली जातात. काच आणि रबर कोरडे पुसावे. मग पाती उचलून उभी ठेवावीत. वारा जोराचा असेल तर मात्र उचलू नयेत, झटक्याने आपटली तर काच तडकते. अशा रात्री काचेवर पोते किंवा जाड कापड टाकून त्याची टोके दारात दाबावीत. पोते कोरडे हवे, ओले पोते स्वतःच चिकटते.

सकाळी उकळते पाणी काचेवर कधीही ओतू नये. गार काच एका बाजूने एकदम तापली की फुटते, आणि ओतलेले पाणी पुन्हा गोठते ते वेगळेच. इंजिन चालू करून गरम हवा काचेवर सोडावी, थोडा दम धरावा, प्लास्टिकच्या पट्टीने बर्फ खरवडावा. लोखंडी पाना लावू नये. रबर हाताने अलगद सुटले, तरच बटण दाबावे. काही जण रबराला रॉकेल-डिझेल चोळतात. त्याने रबर फुगून खराब होते. काच धुण्याच्या टाकीत साधे पाणी भरू नये. गोठताना पाणी फुगते आणि टाकी-नळी फोडते. न गोठणारे द्रावण बाजारात मिळते, तेच भरावे.

पूर्वी डिझेलही गोठायचे, ड्रायव्हर टाकीखाली शेकोटी करायचे. २०१९ पासून लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारे डिझेल मिळू लागले, हे चांगले झाले. पण वायपरची काळजी ड्रायव्हरच्या हातांनीच घ्यावी लागते.

इकडे मराठवाड्यात बर्फ नाही, पण ४२-४३ अंशांचे ऊन आहे. उन्हाने रबर कडक होते, त्यात धूळ बसते आणि पहिल्या पावसात काच पुसण्याऐवजी फराटे उठतात. म्हणून मृगाच्या आधी नवे रबर घालावे.

हे सगळे करायला सकाळी दहा मिनिटे जादा लागतात. मालक ओरडेल, साहेब घाई करील. ड्रायव्हर बंधूंनो, तरीही ती दहा मिनिटे घ्या. आणि घरच्यांनो, फोनवर 'जेवलास का' विचारता, तसे 'काच पुसली का' हेही विचारा.