वीस फेऱ्यांचा फरक

डाकोटाचे पंख जमतात. चाकं, पाट्या, रिव्हेटांच्या रांगा, गिअरचा तो जमिनीलगतचा लॅच, सगळं जमतं; वेळ द्यावा लागतो इतकंच. सिम्युलेटरसाठी विमान बांधणाऱ्या कुणालाही हे सांगायला नको. माझी वर्षं खाल्ली ती गोष्ट डोळ्यांना दिसणारी नाहीच. दोन इंजिनं शेजारी चालताना त्यांच्या मधोमध एक घुमारा उठतो, वाढतो, ओसरतो आणि पुन्हा उठतो. तो मला हवा आहे. अजून हवा तसा मिळालेला नाही, आणि आता माझे कान उतरायला लागलेत.

लिहायला बसलो ते यामुळेच. नागपूरला कानांची तपासणी करून घेतली. कागदावरची रेघ 3000 हर्ट्झपर्यंत बरी चालते, 4000 च्या पुढे खाली घसरते. डॉक्टरांनी काम काय करायचो ते विचारलं. लेथ चालवायचो, म्हटलं. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. ऐंशीच्या घरातल्या माणसाला यात नवल वाटायला नको. पण ज्या कामाला कानच लागतात ते काम हातात असताना ती रेघ बघवत नाही.

डाकोटाच का, असं नवी मुलं विचारतात. जानेवारी 1949 मध्ये रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून विमानं निघायची, मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र यायची, थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल करायची आणि सकाळच्या आत आपापल्या शहरी परतायची. त्याच वर्षी 1 एप्रिलपासून साधं पत्रसुद्धा जादा हशील न घेता विमानानं जाऊ लागलं. 1 ऑगस्ट 1953 ला आठ खासगी कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स झाली आणि हे कामही तिच्याकडे गेलं. आरंभीच्या त्या वर्षांत ही थैली डाकोटानं वाहिली.

आता कलकत्ता आणि नागपूर नकाशावर सरळ रेघेनं जोडा. रेघ आमच्या भंडाऱ्यावरून जाते. इथून सोनेगाव आकाशमार्गे साठ किलोमीटरच्या थोडं वर, आणि तिथली धावपट्टी समुद्रसपाटीपासून 1,033 फुटांवर. समजा विमान 8,000 फुटांवर आहे आणि मिनिटाला 500 फूट या बेतानं उतरायचं आहे, तर चौदा मिनिटं लागतात. दीडशे नॉटच्या आसपास चालणारं डाकोटा तेवढ्यात साधारण 65 किलोमीटर कापतं. म्हणजे वैमानिकाचा हात थ्रॉटलवर यायचा तो आमच्या गावाच्या डोक्यावर. लहानपणी उन्हाळ्यात गच्चीवर पडून जो आवाज ऐकला, तो उतरायला लागलेल्या विमानाचा होता. थ्रॉटल मागे घेतला तरी प्रॉपेलरचा गव्हर्नर फेऱ्या तेवढ्याच ठेवतो, मॅनिफोल्ड प्रेशर मात्र खाली येतं; म्हणून सूर तोच राहून आवाज मऊ पडतो. आठवणीतला आवाज इतका मऊ का, याचं उत्तर मला म्हातारपणी गणितातून मिळालं. हे गणित सुटलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता घुमाऱ्याचं. डाकोटाचं इंजिन म्हणजे प्रॅट अँड व्हिटनीचं ट्विन वास्प, आर-1830. चौदा सिलिंडर, दोन ओळींत सात-सात. चार स्ट्रोकचं असल्यानं एका फेरीत सात स्फोट. क्रूझला 2050 फेऱ्या धरल्या तर सेकंदाला सुमारे 239 स्फोट होतात. पंखा 16:9 च्या गिअरमधून फिरतो, त्याला तीन पाती, म्हणजे पात्यांचा सूर 58 हर्ट्झच्या जवळ. आता एक इंजिन 2050 वर आणि दुसरं 2070 वर ठेवा. पात्यांच्या दोन सुरांत फरक इतका बारीक पडतो की दर पावणेदोन सेकंदांनी एक संथ हेलकावा येतो. स्फोटांच्या सुरांत मात्र सेकंदाला दोनाहून जास्त ठोके पडतात. संथ हेलकाव्यावर ही जलद थरथर बसलेली असते, आणि दोन्ही मिळून तो घुमारा. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा ज्यानं लावल्या असतील त्याला पुढचं सांगायला नको: तारा जवळ आल्या की लाट लांबते, आणखी जवळ आल्या की थांबते. टॅकोमीटरच्या काट्यावर वीस फेऱ्यांचा फरक धड दिसत नाही. कानाला दिसतो. वैमानिक प्रॉपेलरचा लिव्हर केसभर हलवून, लाट लांबवत लांबवत नेऊन, इंजिनं एका सुरात आणायचे. साडेतीन-चार तास कलकत्त्याहून येणाऱ्या माणसाला तो झुलता आवाज सोसवला नसता.

सिम्युलेटरमध्ये हा फरक आपोआप येतच नाही. एक्स-प्लेन हे सिम्युलेटर प्रत्येक पात्याचे तुकडे पाडून त्यांवरचं बळ काढतं, आणि ते उत्तम काढतं. पण त्याचा गव्हर्नर दोन्ही इंजिनं काट्यावर धरतो. डावं 2050 तर उजवंही 2050, तासभर. त्यात दोन्हीकडे एकच ध्वनिफीत वाजते, म्हणून घुमाऱ्याऐवजी नळीतून बोलल्यासारखा पोकळ आवाज निघतो. मी लुआ भाषेत छोटी स्क्रिप्ट लिहून दोन्ही गव्हर्नरांना वेगवेगळं डळमळायला लावलं. ते सोपं होतं. खरी अडचण ध्वनिमुद्रणातच आहे.

उडत्या डाकोटात बसून ध्वनिमुद्रण केलं की त्यात दोन्ही इंजिनं असतात. त्यांचा त्या क्षणीचा घुमारा फितीतच मुरलेला असतो. तो वेगळा काढता येत नाही. त्यावर माझा घुमारा चढवला तर दोन घुमारे एकमेकांना खातात. बरं, एकाच इंजिनाचा क्रूझचा आवाज मिळवायचा तर कुठून? डाकोटा एका इंजिनावर क्रूझ करत नाही. जमिनीवर, चाकांना ठोकळे लावून एकच इंजिन चालवता येतं, पण तिथं पाती स्वतःच ढवळलेल्या हवेत फिरतात आणि त्यांचा आवाज फाटका येतो. हवेत पाती स्वच्छ हवा कापतात. तो स्वच्छ, एकट्या इंजिनाचा क्रूझचा आवाज माझ्या माहितीत कुणाकडे मुद्रित नाही, कारण तो सहसा घडतच नाही. मग तो बांधावा लागतो. स्फोटाच्या क्रमापासून सुरुवात करायची: 1, 10, 5, 14, 9, 4, 13, 8, 3, 12, 7, 2, 11, 6. एक्झॉस्टच्या कड्यात ज्या सिलिंडरला बाहेरची वाट जवळची तो मोठ्यानं बोलतो, म्हणून चौदा स्फोटांचा पूर्ण फेरा सेकंदाला सतरा वेळा स्वतःचा ठसा उमटवतो. ही खरखर काढून टाकली की डाकोटाऐवजी शिवणयंत्र ऐकू येतं. ती जास्त झाली की ट्रॅक्टर. मधली जागा इतकी अरुंद आहे की आज जमलेली उद्या सकाळी जमलेली वाटत नाही.

भारतात खरा आवाज ऐकायची संधी विरळा. बिजू पटनायकांचं डाकोटा 2023 मध्ये कोलकात्याहून भुवनेश्वरला आणलं. ते आता उभं आहे. हवाई दलाचं ‘परशुराम’ 2018 पासून पुन्हा उडतं. 2021 च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात ते दोन हेलिकॉप्टरांबरोबर गेलं तेव्हा मी टीव्हीला कान लावून बसलो होतो. निवेदकाच्या शब्दांखाली आवाज बुडाला.

माझ्याकडे शिकायला येणारी मुलगी साकोलीकडची आहे, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. तिनं ऐकलेली पिस्टनची विमानं म्हणजे गोंदियाजवळच्या बिरसीच्या प्रशिक्षण संस्थेची शिकाऊ विमानं. ती ब्लेंडर हे मॉडेलिंगचं सॉफ्टवेअर शिकायला आली. एकदा मी आवाजाचं काम करत होतो तेव्हा मागून म्हणाली, “काका, लूप पुन्हा तिथंच येऊन राहिला. अन् तो जायरो तर नुसता ओरडून राहिला.” इंजिनं बंद केल्यावर उपकरणांतले जायरो बराच वेळ बारीक किणकिणत फिरत राहतात. तो सूर मी बसवला होता आणि मला ऐकूच येत नव्हता. तिनं तो खाली आणला. रेडिओच्या डायनामोटरचा, काचेवरच्या वाऱ्याचा, व्हॉल्व्हच्या खडखडीचा, सगळा वरचा पट्टा आता तिच्याकडे आहे. 58 हर्ट्झ मला अजून पूर्वीसारखा ऐकू येतो, म्हणून घुमारा मी माझ्याकडे ठेवला. तिथंही ती थांबली नाही. म्हणाली, “काका, हे दोघं आपल्या मनानं डळमळून राहिले, पण लिव्हर तर माणूस धरते ना? त्याला जुळवता नाही आलं तं काय फायदा?”

तिचं खरं होतं. प्रॉपेलर लिव्हरचा पल्ला 1200 ते 2700 फेऱ्यांचा, आणि साध्या जॉयस्टिकला 256 टप्पे. एका टप्प्याला जवळजवळ सहा फेऱ्या. इतक्या जाड हातानं लाट थांबवता येत नाही. आता आम्ही उजव्या इंजिनाला बारीक हलवणारी वेगळी कळ दिली आहे. ज्याच्या टेबलावर माझं विमान उडेल त्यानं काटे बघायचे नाहीत, ऐकायचं.

या कामात पडलेली बरीच मंडळी आता ऐकतच नाहीत. त्यांचं सगळं लक्ष चित्रावर. मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटरच्या चाळिसाव्या वर्षानिमित्त नोव्हेंबर 2022 मध्ये डीसी-3, म्हणजे डाकोटाच, सगळ्यांना मोफत मिळालं, ते देखणं आहे. पण त्यापाठोपाठ जे अनेक नमुने पाहिले त्यांत प्रत्येक पत्र्यावर गंज, प्रत्येक खुर्चीला भेगा, काचेवर ओरखडे. जुनं विमान म्हणजे मळकं विमान, हा समज मला मान्य नाही. 1949 साली आपल्याकडच्या डाकोटांचं वय पाच-सहा वर्षांचं होतं. युद्धातून उरलेली ती विमानं बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये नीटनेटकी करून प्रवाशांसाठी दिली गेली. टपाल घेऊन भंडाऱ्यावरून गेलेलं विमान तरुण होतं. माझं विमान चकचकीत आहे आणि तसंच राहील.

इंजिन बंद पडण्याची सोय या लोकांना गंमत म्हणून हवी असते. 12 डिसेंबर 1953 ला सोनेगावहून उडालेलं डाकोटा एक इंजिन गेल्यावर कोसळलं. कामगार नेते हरिहरनाथ शास्त्री त्यात गेले. माझ्या विमानात इंजिन जातं तेव्हा आधी घुमारा थांबतो. मोठा धमाका नाही, लाल दिवा नाही. दोन सुरांतला एक कमी होतो, आणि काटा पडायच्या आत कानाला कळतं. ते तसंच असायला हवं, म्हणून त्यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला.

अहंकाराचं सांगतो. एका निवृत्त वैमानिकांना मी आवाज ऐकवला होता. टेबलाशी बसले होते. घुमारा सुरू झाला तसा त्यांचा उजवा हात लिव्हर असायचा तिथं पुढे गेला. हा प्रसंग मी भेटेल त्याला सांगत आलो आहे, सांगताना मला सुख होतं, आणि ते सुख मिळावं म्हणूनच मी हे विमान बांधतो की काय, असंही वाटतं. आवाजाच्या श्रेयात इतकी वर्षं एकट्या माझं नाव होतं. दुसऱ्या कुणी त्याला हात लावलेला मला खपायचा नाही. नव्या आवृत्तीत तिचं नाव माझ्या वर टाकलं. टाकताना जड गेलं, अजूनही जातं, पण ते तिथंच राहणार. वरचा पट्टा तिचा आहे, आणि दोन-चार वर्षांत खालचाही तिचाच होईल.

आता एक विनंती. नागपूर, भंडारा, गोंदिया या भागात ज्यांच्या घरी कुणी सोनेगावला मेकॅनिक, रेडिओ ऑफिसर किंवा वैमानिक होतं, त्यांच्या माळ्यावर लॉगबुकं, इंजिनच्या नोंदींचे तक्ते, एखादी स्पूलवरची फीत असण्याची शक्यता आहे. कोणत्या रात्री किती फेऱ्यांवर, किती प्रेशरवर विमान आणलं हे त्या वहीत एका ओळीत लिहिलेलं असतं. ती रद्दीत घालू नका. आमच्यासाठी ती एक ओळ पुरेशी आहे.