कुठे थांबायचं

पेच लाकडात पुरता बसला की ड्रिलचा सूर बदलतो. आधी नुसती घरघर असते, मग ती जड होत जाते आणि एका क्षणी टर्र टर्र असा कोरडा आवाज येऊन पेच जागच्या जागी थांबतो. मोटर फिरतच असते, पण तिचं फिरणं पेचापर्यंत पोचत नाही. पहिल्यांदा ऐकणारे दचकतात, आत काहीतरी मोडलं म्हणून. मला तो आवाज फार आवडतो. गिअरबॉक्समध्ये एका मधल्या चाकाभोवती लहान दातेरी चाकं फिरतात, आणि त्या सगळ्यांना वेढून बाहेर एक कडं असतं. स्प्रिंगने दाबलेल्या बारीक गोळ्या ते कडं हलू देत नाहीत. पेचाचा विरोध स्प्रिंगच्या दाबाला भारी पडला की गोळ्या खाचांतून उसळतात, कडं निसटून फिरू लागतं आणि पिळणारा जोर तिथल्या तिथे विरून जातो. चकच्या मागे आकडे कोरलेली गोल रिंग असते ना, ती फिरवून आपण एवढंच ठरवत असतो: किती जोर लागला की थांबायचं.

दुकानात कॉर्डलेस ड्रिल घ्यायला गेलं की बोलणं सगळं ताकदीचं. किती व्होल्ट, किती टॉर्क, भिंतीत चालेल का, लोखंडात चालेल का. रिंगेवरच्या आकड्यांबद्दल कुणी विचारत नाही आणि दुकानदारही सांगत नाही. खरं तर घरच्या कामात ताकद कमी पडल्याने फारसं काही बिघडत नाही. बिघडतं ते जास्तीच्या ताकदीने. प्लायवुडमध्ये पेचाचं डोकं खोल रुतून बसतं, बिजागरीचं भोक सैल होतं, स्विचबोर्डाची प्लेट कोपऱ्यातून तडकते, पेचाच्या डोक्यावरची फुली खरवडून गुळगुळीत होते आणि मग तो पेच ना आत जातो ना बाहेर येतो. हाताने गिरमिट फिरवणाऱ्या सुताराला लाकूड मनगटातून कळायचं. गाठ आली, रेषा फिरली, आता पुढे पोकळी आहे, हे सगळं मुठीला समजत असे, आणि थांबण्याची वेळ झाली हेही. मोटरने मनगटाचे कष्ट वाचवले, त्याबरोबर ही बातमीही मनगटाकडे यायची थांबली. आता ती कानाकडे येते आणि ट्रिगरवरच्या तर्जनीकडे. म्हणून मी ड्रिल चालवताना घरातला टीव्ही बंद करायला लावते. कुणाला तो विक्षिप्तपणा वाटला तरी वाटो.

आमच्या पुण्यातल्या जुन्या सोसायटीत पाऊस ओसरला की दारांच्या तक्रारी सुरू होतात. चार महिने ओल पिऊन लाकूड फुगलेलं असतं, दार चौकटीला घासतं, घासतं म्हणून लोक ते जोराने ओढतात, आणि त्या ओढण्याने वरच्या बिजागरीचे पेच ढिले होतात. शेजारच्या काकू दारातूनच हाक मारतात, "अगं, वेळ आहे का? ते दार पुन्हा रुसलंय." अशा दाराला बहुतेक वेळा रंधा मारायची गरज नसते. वरची बिजागरी घट्ट झाली की दार उचललं जातं आणि खालचं घासणं आपोआप थांबतं. जुनं भोक ढिलं झालेलं असेल तर त्यात फेव्हिकॉल लावून काड्यापेटीच्या काड्या ठोकायच्या, वरचा भाग कापून सपाट करायचा, रात्रभर सुकू द्यायचं. दुसऱ्या दिवशी पेचाहून बारीक बिटने वाट पाडायची, रिंग लहान आकड्यावर ठेवायची, पेच ड्रिलने बसवायचा आणि शेवटचा अर्धा फेरा हातातल्या पेचकसाने द्यायचा. हा शेवटचा अर्धा फेरा मी कधीही यंत्राला देत नाही. सागवानाची जुनी चौकट किती आवळून घेईल, हे तिथे हातालाच नीट कळतं.

तार नसल्याचं सुख अशा वेळी पुरतं कळतं. बिजागरी दाराच्या वरच्या टोकाला, प्लगपॉइंट खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात, आणि एक्स्टेन्शन बोर्डाची वायर स्टुलाच्या पायात, हा जुना खेळ संपला. पोटमाळ्यावर, गच्चीवरच्या टाकीपाशी, जिन्याच्या वळणावर, कामाच्या जागी नुसतं उभं राहायचं आणि काम करायचं. महाराष्ट्रात भारनियमन भरात असताना अनेक गावांत कारागिरांचा दिवस वीज कधी येते यावर ठरत असे. वीज आहे तेव्हा बॅटरी भरून घ्यायची आणि नाही तेव्हा काम करायचं, ही मोकळीक ज्यांनी त्या दिवसांत काम केलंय त्यांनाच उमजेल.

भिंतीची गोष्ट मात्र वेगळी. भिंत आतून काय आहे ते बाहेरच्या रंगावरून कळत नाही, ते कळतं बिटबरोबर येणाऱ्या पुडीवरून. आधी प्लास्टरची करडी पूड येते. मग लाल आली तर वीट, करडीच राहून बिट कण्हायला लागलं तर काँक्रीट, आणि पांढुरकी, पिठूळ आली तर नव्या इमारतींतले हलके ब्लॉक. कोकणात जांभ्याच्या घरात तांबूस, दाणेदार माती पडते आणि मध्येच पोकळी लागून बिट एकदम आत जातं. प्रत्येक भिंतीला वेगळी वागणूक हवी. हलक्या ब्लॉकला हॅमरचे ठोके दिले तर भोक ऐसपैस होतं आणि गिट्टी त्यात नुसती फिरत राहते. तिथे ठोके बंद ठेवायचे. टाइलवर तर ते हवेतच कशाला? चिकटपट्टीची फुली मारायची, सावकाश सुरुवात करायची आणि टाइल पार होईपर्यंत हॅमरला हात लावायचा नाही. पडद्याचा रॉड बसवताना पुष्कळ जण खिडकीच्या लगेच वर भोक पाडू बघतात. तिथे लिंटेल असतो, म्हणजे सळया घातलेलं काँक्रीट. लहान कॉर्डलेस ड्रिल त्यावर दाबून धरलं तर मोटर तापते, बॅटरी तापते, बिटच्या टोकाचं पाणी उतरतं, आणि भोक होतं नखाएवढं. अशा ठिकाणी ड्रिल खाली ठेवायचं आणि रोटरी हॅमर मागून आणायचा, नाहीतर रॉड थोडा वर, विटेत न्यायचा.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. तार नाही म्हणून शॉक लागणार नाही, असं मानू नका. भिंतीतली वायर जिवंतच असते. स्विचबोर्डाच्या सरळ वर, सरळ खाली भोक पाडायचं नाही, आणि शंका असेल तर आधी मेन स्विच बंद करायचा. कॉर्डलेसची खरी सोय इथे आहे: घरातली वीज बंद करूनही ते चालतं.

हे हत्यार चंद्रावर जाण्यासाठी जन्माला आलं, असं बऱ्याच जणांना वाटतं. क्रम उलटा आहे. ब्लॅक अँड डेकरने पहिलं कॉर्डलेस ड्रिल १९६१ मध्ये आणलं, आणि अंतराळातलं काम त्या कंपनीकडे नंतर आलं. जेमिनी मोहिमेसाठी त्यांनी एक खास पाना बनवला, कारण वजनरहित अवस्थेत साधा पाना फिरवला तर बोल्टऐवजी माणूसच फिरू लागेल. पुढे अपोलोसाठी चंद्राची जमीन खोदणारं बॅटरीवरचं ड्रिल तयार झालं. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटने ते हॅडली दरीजवळ चालवलं. उष्णता मोजायची उपकरणं पुरण्यासाठी सुमारे तीन मीटर खोल जायचं होतं, पण भोकं निम्म्याच्या जरा पुढे जाऊन अडली. खोदनळीच्या जोडांपाशी बाहेरचे आटे नीट सलग नव्हते, त्यामुळे खालची माती वर यायला वाट मिळेना. मातीचा नमुना घेणारी नळी सुमारे २.४ मीटर खाली गेली खरी, पण अशी घट्ट रुतली की तिसऱ्या फेरीत स्कॉट आणि जेम्स आयर्विन या दोघांनी मिळून ती उपसून काढली. पुढच्या मोहिमेसाठी ते जोड बदलले गेले. मला हा प्रसंग भिंतीसमोर उभी असताना हमखास आठवतो. बिट पुढे जाईनासं झालं की माणसाला वाटतं, अजून दाबावं. हवं असतं ते याच्या उलट: बिट फिरतं ठेवून मागे घ्यायचं, पूड बाहेर सांडू द्यायची, दोन श्वास थांबायचं आणि मग पुन्हा आत जायचं.

या सगळ्याचा जीव बॅटरीत. अठरा व्होल्टच्या पेटीत साधारणपणे पाच सेल एकापुढे एक जोडलेले असतात, प्रत्येकी ३.६ व्होल्टचे. पूर्ण भरल्यावर प्रत्येक सेल ४.२ व्होल्टपर्यंत चढतो, म्हणजे पाचांचे एकवीस. खोक्यावर कुठे १८ लिहिलेलं असतं, कुठे २०, कुठे २१, आणि गिऱ्हाईक मोठ्या आकड्याला भुलतं. आत तेच पाच सेल. लिथियम-आयन बॅटरी घडवणाऱ्या जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा गुडइनफ ९७ वर्षांचे होते. इतकी वर्षं ज्या वस्तूमागे माणसं खपली, ती आपण एप्रिलच्या उन्हात बाल्कनीत टाकून देतो, याचं मला वाईट वाटतं.

निकेल-कॅडमियमच्या जमान्यातली एक सवय अजून घरोघर टिकून आहे: बॅटरी पार उतरेपर्यंत वापरायची आणि मग भरायची. लिथियमला ते मानवत नाही. तिला रिकामं होणं सोसत नाही आणि भरून तापत बसणंही सोसत नाही. भरलेल्या, गरम सेलमध्ये ग्रॅफाइटवरचा पातळ थर हळूहळू जाड होत जातो, त्यात लिथियम अडकतं आणि तेवढी कुवत कायमची जाते. आणि रिकामं होणं सोसत नाही म्हणून पेटीतलं सर्किट खालची मर्यादा आली की वीज तोडतं. निकेलचं ड्रिल दमत दमत मंदावायचं, लिथियमचं चांगलं चालता चालता एकदम गप्प होतं. लोक अशा वेळी ट्रिगर पुन्हा पुन्हा दाबतात. दाबू नये. तिने थांब म्हटलंय. चार्जरही शेवटी शेवटी हात आखडता घेतो, कळशी काठाशी आली की नळाची धार बारीक करतात तसा. आणि कामावरून आलेली गरम बॅटरी लावली तर चांगला चार्जर ती निवेपर्यंत भरायला सुरुवातच करत नाही. महिनोन्‌महिने लागणार नसेल तर ती अर्धी भरून, यंत्रातून काढून, घरातल्या थंड, कोरड्या कपाटात ठेवावी. पार रिकामी ठेवलेली पेटी आपोआप आणखी उतरत जाते आणि मग चार्जर तिला ओळख देत नाही.

बाकी देखभाल थोडी आहे, पण ती नेमाने करायला हवी. मोटरच्या जाळीत बसलेली भिंतीची धूळ मऊ ब्रशने काढायची. छताला भोक पाडताना श्रीखंडाच्या डब्याच्या झाकणाला छिद्र करून ते बिटमध्ये अडकवायचं, म्हणजे पूड चकमध्ये आणि डोळ्यांत जात नाही, अर्थात चष्मा हवाच. चकचे जबडे पुरते उघडून, तोंड खाली करून हलके ठोकायचे. बॅटरीचे पितळी पट्टे कोरड्या फडक्याने पुसायचे. बोथट बिट फेकायचं किंवा धार लावून घ्यायचं, कारण बोथट बिट बॅटरी खातं आणि त्या बदल्यात नुसती उष्णता देतं. मी हे सगळं खंडेनवमीला करते. गावाकडच्या सुतारमामांकडे त्या दिवशी रंधा, करवत, पटाशी, वाकस सगळी स्वच्छ होऊन पाटावर बसायची. धार लावलेली असायची, तेलाचा हात फिरलेला असायचा आणि त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, असा दंडक होता. आमच्याकडे पाटावर ड्रिल असतं, बॅटरी काढलेलं, शेजारी बिटांची डबी आणि वडिलांचं गिरमिट. झेंडू सगळ्यांना सारखाच.

रंधा नातवापर्यंत जातो, बॅटरी जात नाही. नीट वागवली तरी काही वर्षांनी ती थकतेच, आणि हत्यार धडधाकट असूनही मुकं होतं. फुगलेली किंवा फुटलेली पेटी घरी उघडू नये आणि घंटागाडीतही टाकू नये. चिरडली गेली तर ती पेट घेते. पट्ट्यांवर चिकटपट्टी लावून ती ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्यावी. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, तेव्हा दुकानदाराकडे हक्काने मागणी करायला हरकत नाही. पण माझं खरं भांडण त्याच्या आधीचं आहे. प्रत्येक कंपनीच्या बॅटरीची खाच निराळी, आणि चार वर्षांनी तीही बदलते. चांगली मोटर, चांगला गिअर केवळ पेटी मिळत नाही म्हणून भंगारात जावा, हे मला पटत नाही, पटणारही नाही. म्हणून ड्रिल घेताना मी आधी जुन्या मॉडेलच्या बॅटऱ्या अजून मिळतात का ते विचारते, आणि व्होल्टचं नंतर.

परवा काकूंच्या जावयांनी विचारलं, "ताई, कोणतं घेऊ?" मी म्हटलं, "आमच्याकडे आणि खालच्या मजल्यावर ज्या खाचेच्या बॅटऱ्या आहेत, त्याच खाचेचं घ्या. म्हणजे चार घरांत मिळून तीन बॅटऱ्या पुरतील. आणि शनिवारी या, रिंग कशी लावायची ते काकूंच्या दारावरच दाखवते."