मुक्कामाला आलेल्या गाड्या

रात्रभर दंवात उभी असलेली डिझेल गाडी पहाटे पहिल्यांदा सुरू होते, तेव्हाचा तो आवाज मला कुठल्याही गावात, कुठल्याही अंथरुणात जागं करतो. कडक, कोरडा, थोडा रागावलेला आवाज. पत्र्याच्या डब्यात मूठभर खडे घालून कोणी जोरजोरात हलवावेत तसा. घरातली बाकीची माणसं कूस बदलतात, पांघरूण कानावर ओढून घेतात. मी मात्र पडल्या पडल्या ऐकत राहतो. आता हा निवळत जाईल, की असाच वाजत राहील? एवढीच उत्सुकता असते, आणि तेवढ्या उत्सुकतेपायी मी केव्हाच अलोऱ्याला पोचलेला असतो.

अलोऱ्याला ऊन उशिरा येतं. पूर्वेला सह्याद्री असा सरळ उभा, की कुंभार्ली घाटापलीकडे पाटणच्या बाजूला दिवस चांगला वर आला तरी पायथ्याची आमची घरं सावलीतच असायची. कोकणातली थंडी ती काय असणार, असं देशावरून आलेले पाहुणे हसून म्हणत आणि पौषातली एक रात्र काढली की सकाळी मुकाट्याने शेकोटीशी येऊन बसत. कौलांवरून दंव ठिबकत असे. पालापाचोळ्याचा ओलसर धूर अंगणातून वर न जाता जमिनीलगतच रेंगाळे. त्या गारठ्यात आवाज फार लांबवर जातात. वाशिष्ठीचा आवाज तर अंगणात आल्यासारखा वाटे. पोफळीला यंत्रं फिरवून आलेलं कोयनेचं पाणी कोळकेवाडीच्या धरणात थांबतं, अलोऱ्याच्या डोंगराखाली पुन्हा एकदा राबतं आणि मग त्या नदीतून चिपळूणच्या वाटेला लागतं. थकल्याभागल्या पाण्याची नदी, असं मला लहानपणी उगीचच वाटायचं.

शेजारचे नाना याच कोयना प्रकल्पात फिटर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी रस्त्याकडेला घर बांधलं आणि अंगणात एक फणसाचं झाड, एक लाकडी बाक आणि हत्यारांची पेटी एवढ्यावर आपलं दुकान मांडलं. पाटी नव्हती. पण ठोका धरलेली गाडी नानांना दाखवावी, हे घाटाखाली गुहागरपर्यंत आणि घाटावर कोयनानगरपर्यंत वडापवाल्यांना ठाऊक होतं. दुपारी कोणी जीप घेऊन आला, बॉनेट उघडून उभा राहिला, की नाना बघायचेसुद्धा नाहीत. "आता ती गोडच बोलणार. गरम झाल्येय. ठेव इथंच रात्रभर." थंडीतल्या ठोक्याचं हेच आहे, तो गार इंजिनातच सापडतो. म्हणून गाडी मुक्कामाला राहायची, आणि गाडीबरोबर ड्रायव्हरही. ओटीवर सतरंजी पडे, काकू भाकरी वाढत, आणि परका माणूस घाटातल्या गोष्टी सांगता सांगता झोपी जाई. किती अनोळखी माणसांचं घोरणं मी त्या घराच्या भिंतीपलीकडून ऐकलं असेल!

पहाटे नाना उठत ते अंधारातच. बॉनेटवर तळवा ठेवत. इंजिन पुरतं गार आहे ना, याची ही खात्री. मग आम्हा पोरांकडे बघून ओठांवर बोट. गाडीला हीटर असेल तर चावी अर्धी फिरवून नुसते थांबायचे. तो थांबलेला वेळ मला अजून आठवतो, श्वासांची वाफ दिसायची आणि कोणी काही बोलायचं नाही. मग सेल्फ. घरघर, घरघर, आणि एकदम तो कडकडाट! मागून पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर.

त्या ठोक्याचं कारण नानांनी आम्हाला एकदा सांगितलं, ते असं. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, विसाव्या हिश्श्यापर्यंत दाबतो, आणि दाबलेली हवाच इतकी तापते की त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. पण भोवतीचं लोखंड गारठलेलं असलं की हवा पुरेशी तापत नाही. डिझेल पडतं आणि पेटायला जरा उशीर करतं. जरा म्हणजे किती, तर सेकंदाचे काही हजारांश. तेवढ्यात आणखी डिझेल येऊन साठतं, आणि मग सगळं एकदमच पेटतं. तोच ठोका. "गाडीचा दोष नाय तो, गारठ्याचा हाय," नाना म्हणत. १८९७ साली ऑग्सबुर्गमध्ये रुडॉल्फ डिझेलचं इंजिन पहिल्यांदा नीट चाललं, तेव्हापासून हा उशीर त्याच्या पाठीला लागलेला आहे. आताच्या गाड्यांत मुख्य फवाऱ्याच्या आधी डिझेलचा एक इवलासा थेंब सोडून तो ठोका पुष्कळ मऊ केलेला असतो. सोय झाली, यात शंका नाही. मला तरी या गाड्यांच्या सकाळी मुक्या वाटतात.

पण सगळेच ठोके गारठ्याचे नसतात, आणि नानांचं खरं काम इथून पुढे होतं. लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर ते इंजिनाच्या अंगाला टेकवत, लाकडी मूठ कानाच्या हाडाला लावत आणि डोळे मिटत. मग पाना घेऊन एकेका नोझलच्या पाइपचा नट जरासा सैल करत. तिथून डिझेल बुडबुडत बाहेर येई, तो सिलिंडर आंधळा होई आणि इंजिन लंगडू लागे. एखादा नट सैल केल्याबरोबर ठोका नाहीसा झाला, तर नोझल ठिबकतोय किंवा चिकटलाय. नुसता दबला, तर पिस्टन नाहीतर बेरिंग. झिजलेला पिस्टन गार असताना सिलिंडरच्या भिंतीवर आपटतो आणि तापून फुगला की गप्प होतो. बेरिंगचं उलटं, तेल गरम होऊन पातळ झालं की त्याचा खोल, जड आवाज वर येतो. नानांना त्याचीच भीती वाटे. चेहऱ्यावर दिसायची.

इतकं लक्ष देऊन ऐकणं त्यांना कुठून आलं असेल, याचा मी नंतर विचार करत राहिलो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा ते नुकतेच कामाला लागलेले तरुण होते. त्यानंतरही धक्के येतच राहिले, अजूनही येतात, आणि धक्क्याबरोबर जमिनीतून गडगड येते, हे त्या खोऱ्यातल्या पोरालाही कळतं. पहाटेच्या अंधारात कुठेतरी काही वाजलं, की त्या पिढीची माणसं आधी निश्चल होत आणि मग ओळखत. ट्रक आहे. ढग आहे. की... नाना इंजिनाशी वाकलेले असत तेव्हा त्यांची मान तशीच असायची.

काकूंनी मात्र आयुष्यात पान्याला हात लावला नाही. त्यांचं स्वयंपाकघर अंगणाच्या बाजूला होतं, खिडकी नेहमी उघडी, चुलीवर आधण. ठोका हळूहळू निवळत गेला, गाडी एकसुरी चालू लागली, की आतून हाक यायची, "चहा घेऊन निघू दे हो त्याला, उन्हाआधी घाट चढेल." आणि इंजिन तापूनही आवाज तसाच राहिला, की त्या काही न बोलता तांदळाच्या डब्याकडे वळत. नाना अजून तिसऱ्या नटाशी असत, मूठ कानाला, डोळे मिटलेले. एकदा पाटणकडचा एक ड्रायव्हर हात धुवायला मागच्या दारी आला आणि काकूंच्या सुपातले वाढीव तांदूळ बघून उंबऱ्यावरच बसला.

"लई मोठं काम निघालं का वो, काकू?"

"तुम्हाला बांगडा चालतो ना?" काकू म्हणाल्या.