बांधावरचा दवाखाना



पावसाळ्यात शेताच्या बांधावर जे उगवतं, त्याला गडी सरसकट तण म्हणतात. माझ्या सासूबाई मात्र प्रत्येकाला नावानं ओळखत. खुरपताना बोट कापलं की एकदांडीचा पाला चोळून रस लावायच्या. माका तेलात उकळून केसांना, टाकळ्याचं बी लिंबाच्या रसात वाटून गजकर्णावर, आघाड्याच्या काडीनं दात.

वनस्पतीलाही जीव आहे, हे त्या कधी विसरल्या नाहीत. चार पानं लागली तर चारच खुडायच्या. घेटुळीची मुळी सुजेवर देतात, पण मुळासाठी झाड उपटायचं नाही म्हणून ती त्यांनी कधी खणली नाही.

आता बांधावर तणनाशक फवारतात. पाला जळतो, त्याच्या आश्रयाचे जीवही उघड्यावर पडतात. यंदा एक बांध मी फवारू दिला नाही. वाटेपुरतंच खुरपून घेतलं. मजुरी जास्त गेली. हिशेबाच्या वहीत ती जीवदयेच्या खात्यात लिहिली.

फवारलेल्या रानातला पाला लावू नका. खोल जखम, कावीळ, विंचू-साप यांना पाल्यावर विसंबू नका, सरळ डॉक्टर गाठा. आणि घरात कुणी म्हातारं माणूस असेल, तर त्यांना एकदा बांधावर न्या, नावं विचारून घ्या.