जुनेर

कापड वापरून जुने झाले, की मराठीत त्याला 'जुनेर' म्हणतात. हा शब्द बहुधा थोड्या उपेक्षेनेच उच्चारला जातो. जमीन पुसायला काही हवे असले, की घरातली माणसे जुनेर शोधतात. परंतु ज्या घरांत वर्षाकाठी मोठ्या मुश्किलीने एक-दोन लुगडी येत, त्या घरांत जुनेर झाले म्हणजे कापड संपले, असे होत नसे. त्याचे दुसरे आयुष्य तेथून सुरू होई.

नऊवारी लुगड्याचेच उदाहरण घ्यावे. नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापड. पण ते सगळीकडे सारखे झिजत नाही. बसण्या-उठण्याने कासोट्याकडचा भाग आधी विरतो. काठ आणि पदर मात्र धड राहतात. अशा वेळी विरलेला भाग कापून काढीत आणि उरलेली दोन अंगे एकमेकांना जोडीत. या जोडाला 'दंड' म्हणतात. लांबी फारच कमी पडली, तर दुसऱ्या एखाद्या जुनेराचा बरा तुकडा मध्ये घालीत. दंडाची शिवण निऱ्यांत लपेल अशा बेताने घालणे, यात कौशल्य असे. ती लपली नाही, तरी पाणवठ्यावर कोणी नवल करीत नसे. कारण तेथे जमलेल्या कितीतरी बायकांच्या लुगड्यांना दंड असत.

दंडाचे लुगडेही विरले, म्हणजे त्यातून धाकट्या मुलीचा परकर निघे. परकर फाटला, की त्यातून झबली, टोपरी आणि दुपटी निघत. राहिलेले तुकडे गोधडीच्या पोटात जात. आणि अगदी शेवटची चिंधी विळीने कापलेल्या बोटाला बांधायला उपयोगी पडे. यातूनही काही सुटलेच, तर ते बोहारणीच्या गाठोड्यात जाई. एका लहानशा पातेल्यासाठी तीन लुगडी आणि वर एक कोट मागणाऱ्या बोहारणीशी घासाघीस करण्यात कित्येक घरांची दुपार मोठ्या मजेत जात असे! तिने नेलेले कपडेही धुऊन-सांधून जुन्या बाजारात पुन्हा विकले जात.

कापडाचा हा प्रवास फार प्राचीन आहे. बौद्धांच्या विनयपिटकात एक कथा आहे. कौशांबीचा राजा उदयन याच्या राण्यांनी भगवान बुद्धांचा शिष्य आनंद याला पाचशे वस्त्रे दान दिली. राजाला शंका आली, की हा भिक्षू इतक्या वस्त्रांचे करणार काय? दुकान मांडणार की काय? त्याने आनंदाला गाठून तसे विचारलेच. आनंद म्हणाला, की ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत, त्या भिक्षूंना ही वस्त्रे वाटून देऊ. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची पांघरुणे करू. जुन्या पांघरुणांचे? गाद्यांचे अभ्रे. जुन्या अभ्र्यांची जमिनीवर अंथरायची आस्तरणे होतील, जुन्या आस्तरणांची पायपुसणी आणि पायपुसण्यांची धूळ झटकण्याची फडकी. ती फडकीही फाटली म्हणजे? ती कुटून मातीत मळू आणि त्या मातीने जमीन सारवू. राजाचे समाधान झाले आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली, असे कथा सांगते. त्या भिक्षूंचे चीवरही मुळात तुकडे जोडूनच केलेले असे. मगधातली बांध घातलेली भातखाचरे दाखवून, चीवर तसे शिवता येईल का, असे बुद्धांनी आनंदाला विचारले होते.

महाराष्ट्रात गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) हाच वेष जन्मभर वागविला. ते अंगावर चिंध्या जोडून केलेले वस्त्र घालीत आणि हातात खराटा घेऊन गावेच्या गावे झाडीत. त्यांना कोणी गोधडेबुवा म्हणे, कोणी चिंधेबुवा.

मात्र भिक्षूने किंवा संताने स्वखुशीने चिंध्या पांघरणे वेगळे आणि दुसरे वस्त्रच नाही म्हणून ठिगळ लावावे लागणे वेगळे. दारिद्र्याचे कौतुक ज्याचे त्याने जपून करावे. माणदेशातल्या एका घरी ही गोष्ट एका बारा वर्षांच्या मुलीच्या मनाला फार बोचली होती.

१९७२ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. माणदेश तर आधीच कोरडा. विहिरी आटल्या, जनावरे विकली गेली. त्या मुलीचे आईवडील रोज सकाळी सरकारी कामावर खडी फोडायला जात. तेथे मिळणारी सुकडी आई पदराला बांधून घरी आणी. अशा दिवसांत थोरली बहीण पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. थंडीचे दिवस होते. बाळाला झबले हवे, कुंची हवी. आणि बाजारातून वारभर कापड आणायलाही घरात पैसा नव्हता.

आजीने आपली पत्र्याची पेटी उघडली. तळाशी तिचे इरकली लुगडे होते. लेकाच्या लग्नात घेतलेले. अंगाचे सूत विरून जाळी झाली होती. पण रेशमी पदर अजून लालभडक होता. आपल्या शेवटच्या दिवसासाठी ते ठेवले आहे, असे ती नेहमी म्हणे. त्या दुपारी तिने कात्री घेतली आणि पदर कापला.

कुंचीसाठी फारसे बेतावे लागत नाही. दोन वीत रुंद आणि दीड हात लांब असा तुकडा घ्यावा. त्याची वरची आखूड कड मधोमध दुमडून तिची दोन्ही टोके जुळवावी आणि तेवढीच शिवण घालावी. म्हणजे डोक्यावर टोपी होते आणि उरलेले कापड पाठीवर उतरते. गळ्याशी दोन बंद लावले, की झाले. आजीने बाहेरून रेशमी पदर घेतला आणि आतून लुगड्याच्या सुताचे अस्तर लावले. झबल्याची शिवण मात्र तिने बाहेरच्या बाजूला ठेवली. ती आत असती, तर बाळाच्या अंगाला लागली असती. दोरा विकत आणला नव्हता. पदराच्या उरलेल्या पट्टीतून धागे ओढून ते दुहेरी केले आणि मेणावरून फिरवले.

मुलगी हे सारे पाहत होती. अखेर तिला राहवेना.

"आजे, बारशाला ताईची सासू येणार. जुनेराची कुंची बघून ती काय म्हणंल?"

"काय म्हणायचंय? आगं, नव्या कापडात खळ असती. कवळ्या अंगाला ती टोचती. ह्यातली खळ कवाच गेली. वीस वर्सं धुतलंय मी हे."

आजीचे म्हणणे खरेच होते. विणताना ताण्याचे धागे तुटू नयेत म्हणून त्यांना खळ देतात. त्यामुळे नवे कापड ताठ राहते. अनेक धुण्यांनंतर सूत मऊ होते आणि ओलही चांगली टिपते. म्हणूनच नव्या बाळाला आधी जुन्या कापडात गुंडाळण्याची चाल पडली असावी. परंतु मुलीची त्याने समजूत पटली नाही. आजीने तिच्या हाती सुई दिली आणि अस्तराची एक बाजू शिवायला सांगितली. टाके लांब पडले, आजीने ते उसवले. पुन्हा लांब पडले, पुन्हा उसवले. तिसऱ्यांदा आजी काही बोलली नाही. शिवण तरी वाकडीच आली होती.

बाराव्या दिवशी विहीणबाई एस.टी.ने आल्या. पाळण्याजवळ बसून त्यांनी कुंची हातात घेतली आणि प्रथम आतून उलटून पाहिली. मुलगी दाराआड उभी होती.

"ही आतली शिवण कुणाची?"

"धाकटीची," आजी म्हणाली.

विहीणबाईंनी कुंची सरळ केली, बाळाच्या डोक्यावर घातली आणि गळ्याशी बंद बांधले. फार घट्ट नाही, फार सैल नाही. मग त्यांनी आपले गाठोडे सोडले. आत बाळासाठी आणलेले एक पांढरे दुपटे होते. त्याच्या एका कडेला धोतराची बारीक तांबडी किनार तशीच राहिली होती. आजीने ती पाहिली. दोघीही त्याविषयी काही बोलल्या नाहीत. पावसाच्या गोष्टी निघाल्या.

मुलगी हळूच पुढे आली. तिने दुपट्याचे टोक बोटांत धरून चोळून पाहिले. त्याला खळ नव्हती.