एकच हाफिज

मंगरूळपीरला आमच्या घरी २००५ साली कॉम्प्युटर आला. दादीजान त्याला 'डब्बा' म्हणत. त्याच उन्हाळ्यात आम्ही भावंडांनी त्यांना माइकसमोर बसवले. हळदीची, मेंदीची, जात्यावरची गाणी त्यांनी म्हटली, अर्धी दखनीत, अर्धी वऱ्हाडीत. सारी डब्ब्यातल्या हार्ड डिस्कवर गेली. २००९ साली दादीजान अल्लाहला प्यारी झाल्या. आवाज तर आपल्याजवळ आहे, अशी आम्ही मनाची समजूत घातली.

२०११ च्या मे महिन्यात, भारनियमनाच्या दिवसांत, डब्बा 'टक् टक्' करू लागला. आम्ही तो बंद केला, पुन्हा चालू केला. दिवसभर हेच.

अकोल्याच्या दुरुस्तीवाल्याने एक निकामी डिस्क उघडून दाखवली. आत आरशासारखी तबकडी. ती मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते. तिच्यावरच्या चुंबकीय थरात अक्षर, चित्र, आवाज सारे साठते. वाचणाऱ्या दांड्याचे टोक तबकडीला टेकत नाही. फिरण्याने उठणाऱ्या हवेवर तरंगते. मधले अंतर केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी कमी. धक्का बसला किंवा धूळ शिरली आणि टोक टेकले, की थर खरवडला जातो.

"आवाज आला तेव्हाच बंद ठेवायची होती. धूळ नसलेल्या खोलीत टोक बदलून काही तरी निघालं असतं. चालू करून करून तुम्हीच खरवडली," तो म्हणाला.

आम्ही मान खाली घातली. दादीजानचा आवाज आमच्याच हातांनी पुसला होता.

यमामाच्या लढाईत अनेक हाफिज शहीद झाले, तेव्हा हजरत अबू बकर यांनी जैद बिन साबित यांच्याकडून कुरआन एकत्र लिहवून घेतले. पुढे हजरत उस्मान यांनी त्याच्या प्रती ठिकठिकाणी पाठवल्या. हे आम्ही लहानपणीच ऐकले होते. तरीही घरच्या ठेव्यासाठी आम्ही एकच हाफिज नेमला, तोही यंत्राचा. यंत्र आज ना उद्या थांबणारच, हे ध्यानातच घेतले नाही.

कारंज्याच्या फुफीजानला त्यातली चार गाणी येतात. ती आम्ही वहीत उतरवली, आवाज टिपला, तीन घरी प्रती ठेवल्या. घरातल्या मुलींकडून पाठही करून घेतली. बाकीची गाणी दादीजानबरोबरच गेली. फक्त ती दोन वर्षे उशिरा गेली, एवढेच.