बदलाचा तपशील

व्यापारी घरात वाढलेल्यास तपशिलाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. रोजमेळात नुसती रक्कम लिहून भागत नाही. ती कोणाला, कशाबद्दल आणि कोणाच्या हस्ते दिली, हे लिहिले तरच नोंद पुरी होते. पुण्यात सॉफ्टवेअरच्या कामात बारा वर्षे काढल्यावर मला वाटते, की आमच्या व्यवसायालाही याच शिस्तीची गरज आहे.

एका प्रणालीवर दहा-वीस जण एकाच वेळी काम करतात, तेव्हा प्रत्येक बदलाची नोंद बहुधा ‘गिट’ या साधनात होते. लिनस टोरवाल्ड्स यांनी ते 2005 मध्ये लिनक्सच्या कामासाठी तयार केले. अशा एका नोंदीला ‘कमिट’ म्हणतात. कोणत्या ओळी बदलल्या, कोणी आणि केव्हा, हे गिट आपोआप टिपते. का बदलल्या, एवढेच माणसाने लिहायचे असते. आणि नेमके तेच ‘किरकोळ दुरुस्ती’ असे लिहून टाळले जाते.

गेल्या वर्षी बिलांच्या प्रणालीत मला एक विचित्र ओळ आढळली. कर एकूण बेरजेवर न काढता प्रत्येक वस्तूवर वेगळा काढला जात होता. ती ओळ अनावश्यक समजून काढून टाकणे सोपे होते. लिहिणारा सहकारी केव्हाच नोकरी सोडून गेला होता. पण त्याच्या कमिटमध्ये कारण होते: एका मोठ्या खरेदीदाराकडे कर वस्तुनिहाय मोजतात, बेरजेवर काढल्यास काही पैशांचा फरक पडतो आणि तेवढ्यासाठी बिले परत येतात. त्या चार वाक्यांमुळे ओळ राहिली आणि पुरवठादारांची येणी अडकली नाहीत.

रीत साधी आहे. पहिली ओळ सुमारे 50 अक्षरांची, बदलाचे सार सांगणारी. मग एक ओळ मोकळी. त्याखाली कारण, आणि दुसरा मार्ग का सोडला तेही. एका कमिटमध्ये एकच काम असावे. हे बदल मुख्य कामात मिसळण्यापूर्वी सहकाऱ्यांपुढे तपासणीस ठेवतात, त्याला ‘पुल रिक्वेस्ट’ म्हणतात. तिच्यात काय साधायचे आहे, ते कसे पडताळले आणि शंका कोठे उरली आहे, हे स्वतःहून सांगावे. शंका झाकली, तर तपासणारा केवळ सहीचा धनी उरतो.

आपल्या घरांतील अनेक मुले-मुली आज या क्षेत्रात आहेत. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते: वाचणारा आपल्याला विचारायला येऊ शकणार नाही, असे धरूनच लिहावे.